प्रभुभोजनात पाव, प्रीतिभोजनात भाकरी

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणाचा, विधी असतो. पांढऱ्या कापडाखाली ताट, ताटात स्लाइस ब्रेडचे बोटभर तुकडे, कडा कापून टाकलेले. पाळकसाहेब ताट हातात घेतात आणि वाचतात की येशूने भाकर घेतली, उपकारस्तुती केली आणि ती मोडली. लहानपणी हा शब्द कानावर पडला की मी बाकावर गुडघे टेकून ताटात डोकावायचो. भाकर काही दिसायची नाही. मोडलेलेही काही दिसायचे नाही, कारण तुकडे आदल्या रात्रीच सुरीने कापून झालेले असत.

भाकर दिसायची ती मागच्या शेडमध्ये, सुगीच्या उपकारस्तुतीच्या दिवशी. उपासना सुटली की प्रीतिभोजन. चार-पाच जणी ज्वारीचे पीठ मळून थापायला बसलेल्या, तव्यावरून उतरलेली भाकरी थेट पंगतीत, वर मटणाचा रस्सा. तिथे देवाचे नाव सुरुवातीच्या प्रार्थनेपुरते, पुढे सगळे लक्ष रश्श्याकडे. म्हणजे ज्या ताटाला भाकर म्हणायचे त्यात ब्रेड, आणि जिथे खरी भाकरी आहे तिथे वचन वाचायला कोणी नाही. ही फारकत मला खटकते. ज्या मराठी मंडळ्यांना त्यांचे नियम आड येत नाहीत, त्यांनी प्रभूच्या मेजावर आपल्या गावात खाल्ली जाणारी भाकरी ठेवावी, असे माझे म्हणणे आहे. नगरला ज्वारीची, खानदेशात कळण्याची किंवा बाजरीची, कोकणात तांदळाची.

बायबल मराठीत आणणाऱ्यांपुढे शब्दांचा तुटवडा नव्हता. पोर्तुगीजांकडून आलेला पाव किनारपट्टीवर कधीच रुळला होता. रोटी होती, पोळी होती. त्यांनी घेतली भाकर. ‘आमची रोजची भाकर आज आम्हास दे’ ही ओळ मराठी ख्रिस्ती घरातले पोर बोलायला लागले की शिकते. अरण्यात सैतान येशूला म्हणतो, या धोंड्यांच्या भाकरी कर. चपटा गोल धोंडा आणि भाकरी यांतले साम्य आपल्याकडे कोणाला समजावून द्यावे लागत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला जीवनाची भाकर म्हणवतो. ज्या बेथलेहेमात तो जन्मला त्या नावाचा हिब्रू अर्थच भाकरीचे घर. आणि मोडून वाटायचे म्हटले तर अर्धी, चतकोर, नितकोर असे मोजमाप आपल्या भाषेत तयार आहे. इतके सगळे जुळून आलेले असताना ताटात मात्र बेकरीतला ब्रेड.

मराठी मंडळी परकेपणाला कवटाळून बसली असेही नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजने लिहिली, कीर्तन चर्चमध्ये आणले, आणि 1917 साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभा केला. आज टाळ-मृदंगाशिवाय आमच्याकडे सण होत नाही. कानाने मराठीपण स्वीकारले त्याला शंभर वर्षे झाली. जीभ अजून थांबली आहे.

आता पहिला आक्षेप येतो तो असा की, येशूने गव्हाची भाकर घेतली, ती बदलणारे आपण कोण? आक्षेप वजनदार आहे, पण त्याचा पाया वाटतो तितका पक्का नाही. शेवटच्या भोजनाचे प्रसंग यहुद्यांच्या वल्हांडण सणाशी जोडलेले आहेत, आणि त्या सणाच्या बेखमीर, म्हणजे न आंबवलेल्या, भाकरीला जुन्या यहुदी नियमांत गव्हाबरोबर जवही चालत असे; एकूण पाच धान्यांची यादीच आहे. जव हे गरिबाचे धान्य. पाच हजारांना जेवू घातले तेव्हा त्या मुलाजवळ होत्या त्याही जवाच्याच पाच भाकरी. गहूच हवा, दुसरे काही नको, हा आग्रह पुढच्या चर्चचा आहे. तेराव्या शतकात कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी त्याचे कारण दिले ते वाचण्यासारखे आहे: लोक सर्वसाधारणपणे गव्हाचीच भाकर खातात, गहू नसला तरच दुसऱ्या धान्याकडे वळतात. हे कारण युरोपातल्या विद्वानाच्या जेवणाच्या मेजावरून दिलेले आहे. मराठवाड्यातल्या किंवा नगरच्या जिरायत पट्ट्यातल्या घरात बसून तोच न्याय लावला तर उत्तर काय येईल? तिथे पिढ्यानपिढ्या रोजचे अन्न ज्वारी, आणि पोळी सणाची. अक्वायनस यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे: गहू आणि द्राक्षारस सगळीकडे पिकत नसले तरी विधीपुरते कुठेही नेता येतात. हा मुद्दा प्रामाणिक आहे, पण मग ती रोजची भाकर उरत नाही, आयात केलेली खूण होते.

भाकरीवरून ख्रिस्ती जगात भांडणे कमी झालेली नाहीत. पूर्वेकडचे ग्रीक चर्च खमीर घातलेली भाकर वापरायचे, पश्चिमेकडचे लॅटिन चर्च बेखमीर. 1054 साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये रोमच्या दूताने हागिया सोफियाच्या वेदीवर बहिष्कारपत्र ठेवले, त्या फुटीमागच्या वादांत हाही एक होता. पुढे जवळजवळ चारशे वर्षांनी, 1439 मध्ये, फ्लॉरेन्सच्या परिषदेने मान्य केले की दोन्ही चालतात. खमिरावरून इतके रामायण घडून शेवटी ‘दोन्ही चालतात’ म्हणावे लागले, हे ध्यानात ठेवले तर ज्वारीचे नाव काढताच कपाळावर आठ्या पडायचे कारण नाही. 1982 साली पेरूतल्या लिमा इथे वेगवेगळ्या चर्चच्या प्रतिनिधींनी जो मसुदा तयार केला त्यातही ही नोंद आहे की, जिथे गव्हाची भाकर आणि द्राक्षारस रूढ नाहीत तिथे स्थानिक अन्नपेयांमुळे हा विधी रोजच्या जीवनाशी अधिक घट्ट बांधला जातो, असे काहींना वाटते.

कॅथलिकांची गोष्ट वेगळी. त्यांच्या धर्मविधीच्या कायद्यातले 924 वे कलम सांगते की भाकर फक्त गव्हाची आणि ताजी हवी. 2017 साली व्हॅटिकनने पुन्हा स्पष्ट केले की ग्लुटेन (गव्हातले चिकट प्रथिन) पूर्ण काढलेली ओस्तीही, म्हणजे विधीत देतात ती पातळ चकतीही, चालणार नाही, कमी ग्लुटेनची चालेल. ज्वारीत, तांदळात ग्लुटेन नसतेच. त्यामुळे वसईतल्या कॅथलिक कुपारी किंवा कोळी घरात रोज तांदळाची भाकरी होत असली तरी ती मिस्साच्या (त्यांच्या उपासनेच्या) वेदीवर जाऊ शकत नाही, आणि त्यांनी नियम मोडावा असे सांगणारा मी कोण? फक्त एवढेच म्हणेन की त्याच चर्चच्या मिस्सा-सूचनांत असेही लिहिले आहे की वेदीवरची भाकर दिसायलाही अन्नासारखी असावी आणि निदान काही जणांना तरी मोडून वाटता यावी. तेल-मीठ न घातलेला ताजा फुलका गहू आणि पाणी यांचाच असतो. नियम न मोडताही टाळूला चिकटणाऱ्या त्या पातळ पापुद्र्यापासून अन्नाकडे दोन पावले जाता येते. इतके बोलून मी माझ्या अंगणात परततो.

कारण माझा खरा मुद्दा धान्याचा नाहीच, हाताचा आहे.

महाराष्ट्रात पाव ही निरुपद्रवी वस्तू कधीच नव्हती. वसईपासून गोव्यापर्यंत एक कथा सांगतात: पोर्तुगीजांनी विहिरीत पावाचा तुकडा टाकला, ते पाणी प्यालेले सगळे गाव बाटले. इतके मोठे धर्मांतर असे एका तुकड्याने होत नसते. पण कथा खरी की खोटी यापेक्षा ती लोकांना पटली कशी, हे पाहण्यासारखे आहे. अन्नाने माणूस बाटतो हे गृहीत असल्याशिवाय ती सांगताच येत नाही. 1843 मध्ये नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत काही काळ त्यांच्याबरोबर मिशनऱ्याच्या घरी राहिला, तिथे जेवला. बाप्तिस्मा झाला नव्हता, तरी त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर मुंबईत केवढे रणकंदन झाले, आणि त्याची बाजू घेतल्याबद्दल बाळशास्त्री जांभेकरांना केवढे सोसावे लागले! पुढे परमहंस सभेने याच भीतीला उलटे केले. जातिभेद मानत नाही हे सिद्ध करायला सभासदाला ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा लागे. आणि 1890 च्या पंचहौद मिशनमधल्या चहाचे काय झाले ते पुणेकरांना सांगायला नको. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांना पेलाभर चहापायी ग्रामण्याला, म्हणजे जातिबहिष्काराच्या खटल्याला, तोंड द्यावे लागले. रोटीव्यवहार हा शब्द ज्या समाजाने घडवला, त्याला कोणाच्या हातचे खातो हा प्रश्न दुय्यम वाटेलच कसा?

म्हणून मला मशीनमधून निघालेल्या ओस्तीबद्दल आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या ब्रेडबद्दल वेगळी शंका येते. त्यांना हातच नाही. ब्रेड कोणी मळला, कोणाच्या घरचा, कोणत्या वाडीतला, हे विचारायची सोयच ठेवलेली नाही. त्यामुळे तो खाताना कोणालाच काही सोडावे लागत नाही. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला झापले ते याच कारणासाठी: एक जण उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन मस्त होतो, मग तुमचे ते प्रभुभोजन कसले? करिंथात प्रभुभोजन आणि पोटभरीचे जेवण एकाच मेजावर होते, म्हणून तिथला भेदभाव झाकता आला नाही. आपण दोन मेजे केली आणि भेदाला झाकण मिळाले.

भेद होता याला पुरावे शोधायला लांब जावे लागत नाही. दक्षिणेतल्या मंडळ्यांमध्ये उच्चजातीय ख्रिस्ती वेगळे बसायचे, प्याल्याला आधी ओठ लावायचे. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी 1833 मध्ये फर्मान काढले की जातिभेद ताबडतोब आणि कायमचा सोडला पाहिजे, तेव्हा पुष्कळांनी मंडळीच सोडली. आमच्याकडे असले उघड प्रकार कमी. पण लग्न जुळवताना अजून ‘मूळचे कोण’ ही कुजबुज होते, हे आमच्यातला कोणीही मनाशी कबूल करील. भाकरी थापणारीला चेहरा असतो, आडनाव असते, घर असते. तिची भाकरी वेदीवर ठेवली, पाळकांनी ती मोडली आणि सगळ्यांनी चतकोर-नितकोर घेतली, तर त्या दिवशी आपण सगळ्यांनी तिच्या हातचे खाल्ले. बेकरीच्या ब्रेडला हे जमणार नाही. समतानंद अनंत हरी गद्रे यांना हे बरोबर कळले होते. सत्यनारायणाच्या पूजेला त्यांनी अस्पृश्य मानलेले जोडपे बसवले आणि प्रसाद म्हणून झुणका-भाकर वाटली. हिंदू समाजसुधारकाला जे सुचले ते आम्हाला, ज्यांच्या धर्मग्रंथात भाकर पानोपानी आहे त्यांना, सुचू नये याची थोडी लाज वाटते.

इथे मात्र माझ्याच घरातून एक आक्षेप येतो, आणि अक्वायनसला उत्तर देण्यापेक्षा त्याला उत्तर देणे अवघड आहे. नगर, जालना पट्ट्यातल्या आमच्या मंडळ्यांत बहुसंख्य कुटुंबे महार-मांग समाजातून आलेली. भाकरी त्यांच्यासाठी नुसते अन्न नव्हते. येसकराची (गावच्या राखणदाराची) पाळी आली की हातात काठी, खांद्यावर घोंगडी आणि दारोदार ‘भाकर वाढा’ अशी हाक. वरून टाकलेली शिळी भाकरी हा बलुत्यातला हक्क म्हणायचा आणि लाचारीही तीच. बाबासाहेबांनी 1927 मध्ये महाडला शिळ्या तुकड्यांची लाचारी सोडा म्हणून सांगितले ते याच भाकरीबद्दल. अशा घरातल्या माझ्या आजीच्या पिढीला मिशनच्या बंगल्यातला पांढरा, मऊ, सारख्या आकाराचा पाव हा कोणापुढेही हात न पसरता मिळालेला पहिला घास वाटला असेल, तर त्यात नवल नाही. ‘ती भाकर सोडून इथे आलो, तीच आता देवाच्या ताटात घालतोस?’ असे कोणी म्हणाले तर काय सांगावे?

मी बराच काळ यावर गप्प होतो. आता वाटते की दोन भाकरींत फरक आहे. ती उंबऱ्यावरून खाली टाकली जायची. ही आपल्या चुलीवर भाजून, स्वच्छ फडक्यात गुंडाळून, आपण वेदीपर्यंत न्यायची. मागणारा आणि देणारा यांच्या जागा बदलतात. तरीही ज्या मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसांना हे बोचेल तिथे घाई करू नये. त्यांच्या डोळ्यांदेखत ती आठवण उकरून काढून कोणता सुधार साधणार?

विधीत भाकरीबरोबर प्याल्यातून दिल्या जाणाऱ्या द्राक्षारसाचे थोडक्यात. भाकरी बदलावी म्हणणारा मी प्याला बदलायला तयार नाही, यात विसंगती दिसेल. पॅसिफिक बेटांवर टोंगाचे सिओने अमानाकी हावेआ यांनी नारळाच्या रूपकावर सगळी धर्मविचारणा उभी केली. तिथे ते शोभते, कारण तिथे नारळ म्हणजे जीवनच. आपल्याकडे नारळपाणी किंवा उसाचा रस ठेवा असे अधूनमधून कोणी सुचवते. मला ते पटत नाही. भाकर रोजची आहे, प्याला सणाचा आहे. सणाच्या वस्तूने थोडे लांबून यायला हरकत नाही. त्यातून द्राक्षे आता लांबची राहिलीही नाहीत. नाशिकचा मळा आणि तासगावचा बेदाणा महाराष्ट्राच्या ओळखीत बसले आहेत. आमच्याकडे शनिवारी रात्री काळे मनुके भिजत घालून उकळतात, गाळतात, गार करतात. छोट्या काचेच्या पेल्यांतून येणारा तो गोड, किंचित तुरट घोट माझ्या तोंडात अजून आहे.

तो घोट दारूचा नसावा, यावर मात्र मी ठाम आहे. मराठी अनुवादकांनी ‘द्राक्षारस’ शब्द वापरून सगळ्यांची सोय केली. त्यात ताजा रसही बसतो आणि आंबवलेलाही. येशूने पाण्याचा द्राक्षारस केला त्या काना गावच्या लग्नातला द्राक्षारस आंबवलेलाच होता, आणि ‘द्राक्षारसाने मस्त होऊ नका’ असा उपदेश उसाच्या रसाबद्दल कोणी करत नसते. तेव्हा येशूने साधे सरबत प्यायले असे म्हणणे हास्यास्पद आहे. पण शेवटच्या भोजनाच्या वर्णनात शुभवर्तमानांनी प्याला आणि द्राक्षवेलाचा उपज एवढेच शब्द योजले आहेत. 1869 साली अमेरिकेत थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षांचा रस तापवून न आंबता टिकवायची युक्ती काढली ती प्रभुभोजनासाठीच, आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हा रिवाज पसरला. कॅथलिक चर्चही ज्या धर्मगुरूला मद्य चालत नाही त्याला परवानगीने नुकताच आंबू लागलेला रस वापरू देते. 2022 मध्ये किराणा दुकानांत वाईन विकू द्यायची की नाही यावरून राज्यात वाईन म्हणजे दारू की दारू नव्हे असा वाद रंगला होता. आमच्या मंडळ्यांत तो मिशनऱ्यांच्या काळापासून चालू आहे, आणि ज्या वस्त्यांत दारूने घरे उठवली तिथल्या बायकांनी तो केव्हाच निकालात काढला आहे. दारू सोडून मंडळीत आलेल्या माणसाच्या ओठाला दर महिन्याला दारूच लावायची, हे कोणत्याही धर्मशास्त्राने समर्थनीय होत नाही.

रोजचे जेवण आणि विधी एकमेकांना भेटू शकतात याचा नमुना हवा तर केरळात जावे. शेवटच्या भोजनाच्या आठवणीतल्या पवित्र गुरुवारी रात्री तिथल्या सीरियन ख्रिस्ती घरांत तांदळाचा बेखमीर पेसहा अप्पम करतात, वर झावळीचा क्रूस ठेवतात, आणि घरातला कर्ता माणूस तो मोडून गूळ घातलेल्या नारळाच्या दुधाबरोबर सगळ्यांना देतो. चर्चमध्ये गव्हाचीच भाकर असते; पण घरच्या तांदळानेही त्या रात्रीची आठवण पेलली आहे, आणि शतकानुशतके कोणाला त्यात अधर्म दिसला नाही.

अडचणी आहेत. ज्वारीची भाकरी गार झाली की कडक होते, मोडताना भुगा पडतो, आणि पडलेल्या कणांचे काय करायचे हा प्रश्न विधी गंभीरपणे घेणाऱ्याला छळणारच. शहरातल्या निम्म्या घरांत भाकरी थापता येणारे माणूस उरलेले नाही, रेशनच्या गव्हाने आणि वेळेच्या टंचाईने पोळीला रोजचे केले आहे. तिथे पोळी ठेवा. माझा हट्ट ज्वारीचा नाही.

गेल्या सुगीच्या सणाआधी मी हे सगळे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पॅस्टोरेट कमिटीपुढे मांडले. धर्मशास्त्रावर कोणी एक शब्द बोलले नाही. गव्हावर नाही, 1054 वर नाही. थोडा वेळ सगळे पंख्याकडे बघत राहिले. मग एका ज्येष्ठ सभासदांनी चष्मा पुसत विचारले, ‘ते सगळं खरं, पण भाकरी थापणार कोण?’ दोन नावे पुढे आली. तिसरे नाव आले तेव्हा खोलीत कोणीतरी खाकरले, आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला.